कर्जदाराच्या बाजूचा हिशेब

फेडण्याच्या ताकदीबाहेर गेलेल्या कर्जदाराला एखाद्या तिऱ्हाइत आणि जाणत्या माणसाने केलेली पद्धतशीर मदत म्हणजे कर्ज समुपदेशन. त्याची सुरुवात घरात येणाऱ्या आणि घरातून जाणाऱ्या पैशाच्या संपूर्ण हिशेबाने होते. त्यानंतर प्रत्येक कर्जाचे शिल्लक मुद्दल, व्याजदर, उरलेले हप्ते, तारण, जामीनदार आणि थकबाकी यांची यादी केली जाते. कोणते देणे आधी फेडायचे, कोणते थांबू शकते, कोणत्या हप्त्याची मुदत वाढवून मागायची आणि कोणत्या कर्जाचा व्याजदर उतरवून घ्यायचा, हे या यादीवरून ठरते. तयार झालेली योजना घेऊन समुपदेशक कर्ज देणाऱ्या संस्थांशी बोलतो. तो स्वतः कर्ज देत नाही, कर्ज माफ करत नाही आणि विमा किंवा गुंतवणूकही विकत नाही. विकू लागला, तर तो समुपदेशक राहत नाही.

इतक्या साध्या आणि उपयुक्त कामाची आपल्याकडे सतत हेटाळणी होते. उधळ्या लोकांची ही सोय आहे, कोरड्या सल्ल्याने एक रुपयाही कमी होत नाही, सल्लागार आतून बँकेचाच माणूस असतो, त्यापेक्षा कर्ज बुडवून सेटलमेंट केलेली बरी, ही परदेशातून आणलेली कल्पना इथे रुजणार नाही, असे बोलले जाते. यातल्या एका आक्षेपात तथ्य आहे आणि त्याचा विचार पुढे केला आहे. बाकीचे आक्षेप तपासून पाहिले की टिकत नाहीत.

पहिला आक्षेप चारित्र्यावरचा आहे. अंथरूण पाहून पाय पसरले असते तर ही वेळ आली नसती, असे म्हणणारे शेजारी आणि नातेवाईक प्रत्येक कर्जबाजारी घराच्या वाट्याला येतात. वस्तुस्थिती वेगळी असते. घरातल्या एकाचे आजारपण, सुटलेली नोकरी, बंद पडलेला धंदा, दुसऱ्यासाठी दिलेली जामिनकी, हातातोंडाशी आलेले पीक नेणारा अवकाळी पाऊस अशा कारणांनी व्यवस्थित चाललेली घरेही कर्जात रुततात. काही माणसे खरोखरच विचार न करता खर्च करतात, हे मान्य. पण विचार न करता कर्ज वाटणारेही असतात. १६ नोव्हेंबर २०२३ रोजी रिझर्व्ह बँकेने विनातारण ग्राहककर्जांवरील जोखीमभार १०० टक्क्यांवरून १२५ टक्के केला, म्हणजे अशी कर्जे देणाऱ्यांना जास्त भांडवल बाजूला ठेवायला लावले. २०२२ मध्ये सूक्ष्मवित्ताचे नियम करताना, कुटुंबाच्या सर्व कर्जांचे मिळून हप्ते मासिक उत्पन्नाच्या ५० टक्क्यांपेक्षा जास्त होता कामा नयेत, अशी मर्यादा तिने घातली होती. दोष फक्त घेणाऱ्यांचा असता, तर नियामकाने देणाऱ्यांचे हात का बांधले असते?

शिवाय, दोष कोणाचा हे ठरवल्याने हप्ता भरला जात नाही. रुग्णालयात आलेल्या माणसाला आधी उपचार मिळतात, तो तंबाखू का खात होता याची चौकशी नंतर होते. कर्जदाराच्या बाबतीत मात्र चौकशी आधी होते आणि उपचार होतच नाहीत. शरमेने तो गप्प राहतो, बायकोपासून हप्ते लपवतो, एका ॲपचे कर्ज फेडायला दुसऱ्या ॲपवरून उचल घेतो, आणि सहा महिन्यांपूर्वी सुटू शकला असता असा गुंता सुटेनासा होतो. चारित्र्याचा आक्षेप घेणारे लोक या उशिराला हातभार लावतात. त्यांच्या बोलण्याचे मोल त्या घराला व्याजाने चुकवावे लागते.

सल्ल्याने एक रुपयाही कमी होत नाही, हा दुसरा आक्षेप आकडे मांडूनच तपासायला हवा. समजा, पिंपरीतल्या एका घरात महिन्याला ५२,००० रुपये हाती येतात. गृहकर्जाचा हप्ता १४,००० रुपये आहे. वैयक्तिक कर्जाचे ३ लाख रुपये मुद्दल १६ टक्के दराने ३६ महिन्यांत फेडायचे आहे आणि त्याचा हप्ता सुमारे १०,५०० रुपये आहे. दोन मोबाइल ॲपवरून घेतलेल्या छोट्या कर्जांचे मिळून ६,००० रुपये जातात आणि त्यांचे चार हप्ते उरले आहेत. क्रेडिट कार्डावर दीड लाख रुपये थकले आहेत. घरखर्च २२,००० रुपये आहे. तीन हप्ते आणि घरखर्च यांची बेरीज ५२,५०० होते, म्हणजे कार्डाला हात लावण्यापूर्वीच ५०० रुपये कमी पडतात.

आता कार्डाकडे पाहू. महिना ३.५ टक्के हा कार्डाचा नेहमीचा दर धरला, तर दीड लाखावर दरमहा ५,२५० रुपये व्याज आणि त्यावर १८ टक्के जीएसटीचे ९४५ रुपये, असे ६,१९५ रुपये होतात. इतकी रक्कम दर महिन्याला भरूनही मुद्दल एका रुपयाने कमी होत नाही. वर्षाला ७४,००० रुपयांहून जास्त रक्कम जाते आणि दीड लाखाचे देणे दीड लाखच राहते. थकबाकी पुढे ओढली जात असताना त्याच कार्डावर केलेल्या नव्या खरेदीला बिनव्याजी मुदतही मिळत नाही. तिच्यावर पहिल्या दिवसापासून व्याज लागते. ‘मिनिमम ड्यू’ भरला म्हणजे काम झाले असे समजणाऱ्या हजारो घरांना ही गोष्ट कोणी समजावून सांगितलेली नसते.

या घराचा हिशेब घेऊन बसलेला समुपदेशक काय करील? कार्ड वापरणे तो त्याच दिवशी बंद करायला लावील आणि दीड लाखाच्या थकबाकीचे हप्त्यांच्या कर्जात रूपांतर करण्याचा प्रस्ताव बँकेपुढे ठेवील. वर्षाला १८ टक्के दराने ३६ महिन्यांसाठी हा हप्ता सुमारे ५,४०० रुपये बसतो. व्याजावरचा जीएसटी धरून सुरुवातीला तो ५,८०० च्या घरात जातो. आज नुसत्या व्याजात जाणाऱ्या रकमेपेक्षा हा हप्ता कमी आहे आणि तीन वर्षांनी देणे संपते. वैयक्तिक कर्जाची मुदत ६० महिने करून मिळाली, तर त्याचा हप्ता ७,३०० रुपयांवर येतो. ॲपची कर्जे एखादी छोटी मुदतठेव मोडून किंवा पडून असलेले थोडे सोने विकून लगेच मिटवायची. घरखर्चातून अडीच हजार कमी करायचे. नव्या मांडणीत गृहकर्जाचे १४,०००, वैयक्तिक कर्जाचे ७,३००, कार्डाचे ५,८०० आणि घरखर्चाचे १९,५०० मिळून ४६,६०० रुपये होतात आणि महिन्याकाठी ५,४०० रुपये हाती राहतात. आजारपण, शाळेची फी, बंद पडलेला फ्रिज यांसाठी ही शिल्लक लागतेच. तिच्याशिवाय कोणतीही योजना तिसऱ्या महिन्यात मोडते.

प्रामाणिक समुपदेशक याच्या पुढची गोष्टही सांगतो. वैयक्तिक कर्जाची मुदत वाढवल्याने या घराला एकूण सुमारे ५८,००० रुपये जास्त व्याज पडेल. हे न सांगता हप्ता कमी केल्याची बढाई मारणे ही फसवणूक आहे. सांगितले, तर कर्जदार डोळे उघडे ठेवून निर्णय घेतो आणि पुढे बोनस मिळाला की मुदतीपूर्वी रक्कम भरून हे व्याज वाचवतो. सल्ल्याने रुपया कमी होत नाही असे म्हणणाऱ्यांनी कार्डाचे वर्षाला जाणारे ७४,००० रुपये कुठे गेले असते ते सांगावे.

आकड्यांइतकेच कायद्याच्या माहितीचे मोल असते. थकलेला कर्जदार जी भीती बाळगून जगतो तिच्यातली बरीचशी निराधार असते, आणि ज्या गोष्टीला भ्यायला हवे तिची त्याला कल्पना नसते. हप्ता थकला म्हणून पोलीस धरून नेतील, ही भीती पहिल्या प्रकारची आहे. निव्वळ पैसे नाहीत म्हणून ऋणकोला तुरुंगात टाकता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८० मध्ये जॉली जॉर्ज वर्गीस विरुद्ध बँक ऑफ कोचीन या खटल्यात स्पष्ट केले. तो निकाल न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी लिहिला आहे. पण धनादेश वटला नाही तर पराक्रम्य लेख अधिनियमाच्या कलम १३८ खाली फौजदारी खटला होऊ शकतो, आणि खात्यातून आपोआप जाणारा हप्ता शिल्लक नसल्याने परत गेला तर २००७ च्या पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टिम्स कायद्याच्या कलम २५ खालीही तशीच कारवाई होऊ शकते. वसुली एजंटाने सकाळी ८ पूर्वी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करू नये, नातेवाइकांना किंवा मित्रांना त्रास देऊ नये, हे रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२२ मध्ये पुन्हा बजावले. तक्रार करूनही बँकेने ३० दिवसांत दाद दिली नाही, तर एकात्मिक लोकपाल योजनेखाली विनामूल्य तक्रार करता येते. हे ज्ञान वकिलाकडे असते. पण दीड लाखाच्या थकबाकीसाठी वकील गाठणे कोणाला परवडते?

खासगी सावकाराचे कर्ज असेल तर ही माहिती आणखी मोलाची ठरते. २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियमानुसार परवान्याशिवाय सावकारी करणे गुन्हा आहे, व्याजदर शासन ठरवते, आणि सावकारीतून बळकावलेल्या जमिनीबद्दल जिल्हा उपनिबंधकाकडे दाद मागता येते. महिना दहा टक्क्यांनी पैसे घेतलेला भाजीविक्रेता हे ऐकून चकित होतो, कारण ते त्याला आजवर कोणीच सांगितलेले नसते.

आता तो खरा आक्षेप. समुपदेशन केंद्र चालवणारी बँक कर्जही वाटते आणि वसुलीही करते. मग तिच्या पगारावरचा माणूस कर्जदाराच्या बाजूने कसा बोलेल? हा प्रश्न उडवून लावण्यासारखा नाही. अमेरिकेच्या अनुभवाने तो खरा करून दाखवला आहे. तिथली ना-नफा समुपदेशन चळवळ जुनी असून तिची राष्ट्रीय शिखर संस्था १९५१ मध्ये स्थापन झाली. कर्जदाराने योजनेत भरलेल्या रकमेचा काही हिस्सा कर्ज देणाऱ्या कंपन्या या संस्थांना देत आणि त्यावर त्या चालत. साहजिकच, ज्याने दिवाळखोरी स्वीकारणे हिताचे होते त्यालाही फेडीच्या योजनेत बसवण्याचा मोह त्यांना होई. पुढे ना-नफा असल्याचा देखावा करून कर्जदारांना लुबाडणाऱ्या संस्थाही निघाल्या. त्यांतल्या अमेरिडेट या मोठ्या संस्थेवर २००३ मध्ये फेडरल ट्रेड कमिशनने खटला भरला, आणि त्यानंतरच्या वर्षांत अनेक संस्थांची करसवलत काढून घेण्यात आली.

पण या अनुभवातून पैसा कोठून येतो आणि देखरेख कोणाची असते याबद्दलचा धडा मिळतो. समुपदेशन निरुपयोगी आहे, असा निष्कर्ष त्यातून निघत नाही. दवाखान्यात कमिशन चालते म्हणून वैद्यकशास्त्र कोणी टाकून देत नाही. मलेशियात केंद्रीय बँकेनेच २००६ मध्ये एकेपीके ही स्वतंत्र संस्था काढली. ती कर्जदाराकडून पैसे न घेता हिशेब मांडते, योजना करते आणि बँकांशी बोलणी करते. भारतातही वित्तीय साक्षरता आणि कर्ज समुपदेशन केंद्रांसाठीच्या ४ फेब्रुवारी २००९ च्या आदर्श योजनेत रिझर्व्ह बँकेने या धोक्याची दखल घेतली होती. समुपदेशन केंद्राने आपली स्थापना करणाऱ्या बँकेपासून हातभर अंतर राखावे, शक्यतो बँकेच्या जागेत बसू नये, सेवा विनामूल्य असावी आणि बँकेच्या योजनांची विक्री तिथे होऊ नये, असे तिच्यात म्हटले होते. अडचणीतल्या कर्जदारासाठी पुनर्रचनेची योजना बनवून ती बँका आणि सहकारी संस्थांकडे विचारासाठी पाठवणे, हे या केंद्रांचे लिखित उद्दिष्ट होते. आक्षेप घेणाऱ्यांना हे अंतर खरोखर हवे असेल, तर त्यांनी त्या योजनेची अंमलबजावणी मागावी. केंद्रेच नकोत असे म्हणून बँकांचे काय बिघडते? कर्जदार मात्र पुन्हा वसुली एजंटापुढे एकटा पडतो.

या पोकळीत दुसराच धंदा वाढला आहे. हप्ते भरणे थांबवा, फोन उचलू नका, आम्ही निम्म्या रकमेत कर्ज मिटवून देतो, अशी जाहिरात करणाऱ्या सेटलमेंट कंपन्या शहरांत जागोजागी दिसतात. बँक शेवटी नमते, मग आधीपासून नियमित भरण्यात अर्थ काय, असा त्यांचा युक्तिवाद असतो. समुपदेशनावरचा हा सर्वांत घातक आक्षेप आहे, कारण तो सोपा वाटतो.

हप्ता ९० दिवस थकला की खाते अनुत्पादक वर्गात जाते. या काळात विलंबशुल्क आणि व्याज साचते, नोटिसा येतात, जामीनदाराला फोन जातात आणि गहाण घर असेल तर २००२ च्या सरफेसी कायद्याखाली ६० दिवसांच्या नोटिशीनंतर ताबा घेण्याची प्रक्रिया सुरू होऊ शकते. या सगळ्याला तोंड कर्जदार देतो. कंपनी आपली फी आधीच घेऊन बसलेली असते. तडजोड झालीच तर पतअहवालात खाते बंद असे न लिहिता ‘सेटल्ड’ असा शेरा पडतो, आणि अहवालातली माहिती किमान सात वर्षे राहते. जून २०२३ च्या रिझर्व्ह बँकेच्या चौकटीनुसार तडजोड करणाऱ्या संस्थेने, शेतीकर्ज वगळता, त्या कर्जदाराला किमान १२ महिने नवे कर्ज देता कामा नये. त्याच चौकटीने प्रत्येक बँकेला तडजोडीचे मंजूर धोरण ठेवायला सांगितले आहे. म्हणजे जिला गाठण्यासाठी हजारो रुपये फी मोजली ती बँक कर्जदाराला थेट अर्ज करून गाठता आली असती. लोकअदालतीतही अशी तडजोड होते. तिथला निवाडा अंतिम असतो, त्यावर अपील नसते, आणि न्यायालयात दावा असेल तर भरलेली फी परत मिळते. अमेरिकेने ऑक्टोबर २०१० पासून फोनवरून धंदा करणाऱ्या कर्जमिटाव कंपन्यांना काम होण्याआधी फी घ्यायला मनाई केली. आपल्याकडे असा नियम नाही.

सेटलमेंट कधीच करू नये, असा याचा अर्थ नाही. उत्पन्न कायमचे गेलेल्या, विकण्याजोगे काही न उरलेल्या माणसासाठी तोच मार्ग योग्य असतो, आणि चांगला समुपदेशक ते पहिल्याच बैठकीत सांगतो. पण ज्याला दोन वर्षांत सगळे फेडता येईल त्याला थकबाकीदार बनवून मग सोडवल्याचे श्रेय घेणे हा अपराध आहे.

ही कल्पना परदेशी आहे, हा आक्षेप तर महाराष्ट्राच्या इतिहासाचे अज्ञान दाखवतो. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावात शेतकऱ्यांनी सावकारांचे कर्जरोखे आणि वह्या जाळल्या. पाहता पाहता ही ठिणगी पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांतल्या गावागावांत पसरली. सरकारने चौकशी आयोग नेमला आणि १८७९ मध्ये दख्खन शेतकरी मदत कायदा झाला. त्याची कलमे वाचली की आजच्या समुपदेशकाचे काम त्यात जागोजागी दिसते. रोख्यावर लिहिलेला आकडा अखेरचा न मानता न्यायालयाने व्यवहाराचा मागचा सगळा इतिहास खणावा, मुद्दल आणि व्याज यांचा हिशेब नव्याने मांडावा, सावकाराने पावती द्यावी, मागितल्यास हिशेबाचा उतारा द्यावा, शेतकऱ्याला पैशाच्या हुकूमनाम्यासाठी कैद होऊ नये, असे त्यात होते. दाव्याला जाण्यापूर्वी दोन्ही बाजूंना समजावून तडजोड घडवण्यासाठी कायद्याने खास तडजोडकार नेमले होते. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे १८९३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात जाण्यापूर्वी याच कायद्याखाली स्पेशल जज्ज म्हणून काम करत होते. त्याही आधीपासून, एका वेळी मुद्दलापेक्षा जास्त व्याज वसूल करता येत नाही हा दामदुपटीचा नियम या भागात चालत आला होता.

तडजोडकारांची व्यवस्था पुढे गुंडाळली गेली, पण विचार संपला नाही. विदर्भ मध्यप्रांताच्या कारभाराखाली असताना १९३३ मध्ये तिथे कर्ज तडजोड कायदा झाला आणि मंडळे नेमली गेली. रास्त प्रस्ताव नाकारणाऱ्या सावकाराला पुढच्या दाव्यात झळ बसावी, अशी तजवीज त्यात होती. मुंबई प्रांताने १९३९ मध्ये आणि पुन्हा १९४७ मध्ये शेतकरी कर्ज निवारण कायदे केले. त्यांचा पाया होता कर्जदाराची फेडण्याची ताकद. आधी ती ताकद मोजायची आणि मग देणे तिच्यात बसवायचे, हे समुपदेशनाचे मूळ सूत्र शंभर वर्षांहून जुन्या मराठी मुलखातल्या अनुभवातून आले आहे. ते इथे रुजणार नाही म्हणणाऱ्यांनी आधी सुप्याचा इतिहास वाचावा.

राहिला शेवटचा आक्षेप. केंद्रे काढून पाहिली, चालली नाहीत, मग आता त्यांचे काय? बँक ऑफ इंडियाने मुंबईत ‘अभय’ हे केंद्र आणि आयसीआयसीआय बँकेने ‘दिशा’ हा न्यास २००९ च्या योजनेआधीच सुरू केला होता. योजनेनंतर जिल्ह्याजिल्ह्यांत वित्तीय साक्षरता आणि कर्ज समुपदेशन केंद्रे निघाली. पण ६ जून २०१२ च्या सुधारित मार्गदर्शक सूचनांनी त्यांना नुसती वित्तीय साक्षरता केंद्रे केले. कर्ज समुपदेशन नावातूनही गेले आणि कामातूनही मागे पडले. भर शिबिरांवर आला. खाते उघडा, बचत करा, विमा घ्या, वेळेवर फेडा, हा संदेश द्यायचा आणि उपस्थितांची संख्या कळवायची. बचतीचे धडे देणे वाईट नाही. पण ज्याच्या दारात वसुलीवाला उभा आहे त्याला बचतीचे महत्त्व सांगून काय उपयोग? केंद्रांनी समुपदेशन करून पाहिले आणि ते फसले, असे झालेले नाही. त्यांच्याकडून ते काम काढून घेतले गेले, आणि आता त्याच रिकामेपणाचा पुरावा त्यांच्याविरुद्ध दिला जातो.

कायद्याचे पाठबळ नसणे हे आणखी मोठे कारण आहे. २०१६ च्या दिवाळखोरी संहितेच्या तिसऱ्या भागात व्यक्तींसाठी कर्ज पुनर्रचना आणि ‘नव्याने सुरुवात’ अशा दोन्ही वाटा आहेत. वार्षिक उत्पन्न ६०,००० रुपयांच्या आत, मालमत्ता २०,००० च्या आत आणि पात्र कर्ज ३५,००० च्या आत असलेल्या गरिबाला कर्जमुक्ती देण्याची तरतूद त्यात लिहिलेली आहे. पण कंपन्यांसाठी जामीन राहिलेल्या व्यक्ती सोडल्या, तर हा भाग लागूच झालेला नाही. त्या जामीनदारांना तो १ डिसेंबर २०१९ पासून लागू झाला. बाकीच्यांसाठी अजून १९०९ आणि १९२० चे जुने नादारी कायदे आहेत. उद्योगपतीच्या जामिनाला नवा कायदा आणि रिक्षावाल्याच्या कर्जाला शंभर वर्षांपूर्वीचा, ही विषमता असह्य आहे. तिच्यामुळे समुपदेशकाच्या हाती विनंतीपलीकडे काही उरत नाही. कर्ज देणाऱ्या पाच संस्थांपैकी चार योजनेला तयार झाल्या आणि पाचवीने नकार दिला, तर सगळे मुसळ केरात जाते. इंग्लंड आणि वेल्समध्ये ४ मे २०२१ पासून अशा कर्जदाराला ६० दिवसांची सक्तीची उसंत मिळते. या काळात बहुतेक व्याज आणि वसुली थांबते, आणि ही उसंत मान्यताप्राप्त कर्ज सल्लागारामार्फतच मिळते. तिथे सल्लागाराच्या शब्दामागे कायदा उभा आहे.

म्हणून मागणी पुढीलप्रमाणे असली पाहिजे. रिझर्व्ह बँकेने कर्ज समुपदेशनाचे काम साक्षरता केंद्रांकडून वेगळे काढून स्वतंत्र संस्थेकडे द्यावे. तिचा खर्च सर्व बँका आणि वित्तसंस्थांकडून व्यवसायाच्या प्रमाणात घ्यावा, म्हणजे ती कोणा एकीची मिंधी राहणार नाही. समुपदेशकाकडे अर्ज झाला की ठरावीक दिवस वसुली थांबावी आणि रास्त योजना कारण न देता नाकारणाऱ्या संस्थेला त्याचा जाब द्यावा लागावा. संहितेचा तिसरा भाग लागू करावा. कर्ज मिटवण्याच्या नावाखाली आगाऊ फी घेण्यावर बंदी यावी.

हे होईपर्यंतही कर्जदाराने थांबायचे कारण नाही. चारही पतमापन कंपन्यांकडून वर्षातून एकदा पूर्ण अहवाल विनामूल्य मिळतो, तो मागवावा. सगळी कर्जे एका कागदावर मांडून तो कागद घरातल्या माणसांना दाखवावा. हप्ता चुकण्याआधीच बँकेला लेखी अर्ज करून पुनर्रचना मागावी आणि अर्जाची पोच घ्यावी. जिल्ह्याच्या अग्रणी बँकेच्या कार्यालयात जाऊन वित्तीय साक्षरता केंद्र कुठे आहे ते विचारावे आणि तिथल्या समुपदेशकापुढे तोच कागद ठेवावा.